मेलेला घोडा, रानहंस आणि चुकीचं झाड

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण त्यातला ‘झोपा’ म्हणजे काय, असं विचारलं की बरेच जण ‘झोप’ म्हणतात. बैल गेला आणि मालक झोपून गेला, असं काहीतरी त्यांच्या मनात असतं. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. काटक्याकुटक्यांचं, कुडाचं, नुसतं ढकलून लावायचं. आधी बैल गेला आणि मग मालकाने दार करायला घेतलं. एवढं कळलं की सगळं चित्र डोळ्यांपुढे येतं. आत रिकामी दावण, आणि बाहेर उकिडवा बसून मन लावून काटक्या बांधणारा माणूस.

इंग्रजीत या म्हणीची सख्खी बहीण आहे. ‘शटिंग द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड’, म्हणजे घोडा उधळून गेल्यावर पागेचं दार लावणं. चौदाव्या शतकापासून ती इंग्रजीत सापडते. जॉन हेवूडने १५४६ साली इंग्रजी म्हणी गोळा करून छापल्या, त्यातही ती आहे. तिथे मात्र घोडा चोरीला गेलेला आहे, आपल्या बैलासारखाच. तो स्वतःहून उधळायला लागला तो पुढे. ‘बोल्ट’ म्हणजे दाराची कडी आणि ‘बोल्ट’ म्हणजे उधळणंही, त्यामुळे हे नवं रूप इंग्रजांच्या जिभेला फार गोड लागलं असणार.

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. जनावरांवरून आलेले असे इंग्रजी वाक्प्रचार मला रोज भेटतात, आणि त्यांतले कितीतरी वाया गेलेल्या कष्टांबद्दलच असतात. शब्दकोश उघडावा तर घोडा असो, हंस असो की डुक्कर, पुढे एकच अर्थ दिलेला: ‘व्यर्थ प्रयत्न करणे’. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कष्ट का वाया गेले, हे त्यात येत नाही. कधी वेळ टळून गेलेली असते, कधी जागा चुकलेली असते, कधी समोरच्याला ते नकोच असतं, तर कधी हातातला मालच त्या कामाचा नसतो. इंग्रजीतलं प्रत्येक जनावर यातलं नेमकं एक कारण सांगतं. ते जनावर कुठून आलं हे कळलं, की वाक्प्रचार कुठे वापरायचा हे पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त कानावर पडतो तो ‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’. अमेरिकेत ‘बीटिंग अ डेड हॉर्स’ म्हणतात. शब्दशः अर्थ, मेलेल्या घोड्यावर चाबूक ओढणं. ज्या गोष्टीचा निकाल लागून गेला आहे, जिच्यात आता धुगधुगी उरलेली नाही, तिच्यावर ताकद खर्च करणं.

यातला घोडा आधीचा आहे आणि चाबूक नंतरचा. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘मेलेला घोडा’ म्हणजे ज्याचे पैसे आधीच घेऊन उडवून टाकले आहेत असं काम. १६३८ साली रंगभूमीवर आलेल्या रिचर्ड ब्रोमच्या ‘द अँटिपोडीझ’ या नाटकात कर्जापायी विकाव्या लागलेल्या जमिनीबद्दल बोलताना हा मेलेला घोडा येतो. घोडा उधारीवर घेतला, तो मेला, पण देणं फिटलेलं नाही, तेव्हा माणसाला जसं वाटेल तसं हे काम. राबायचं, आणि हातात काही पडायचं नाही.

हा शब्द खरा जगवला तो खलाशांनी. ब्रिटिश व्यापारी जहाजावर नाव नोंदवलं की खलाशाला बहुधा महिन्याभराचा पगार आगाऊ मिळे. जहाज सुटेपर्यंत ते पैसे बंदरावरच संपत. खानावळवाल्याची उधारी, कपडेलत्ते, दारू. मग समुद्रावरचा पहिला महिना तो फुकट राबतोय असंच त्याला वाटे, कारण त्या महिन्याची कमाई केव्हाच खाऊन झालेली असे. याला ते ‘मेलेल्या घोड्यासाठी राबणं’ म्हणत. महिना पुरा झाला की जहाजावर सोहळा होई. किंतानात पेंढा भरून घोडा करत, त्याला दोरखंडाची शेपटी लावत. तो डेकवरून ओढत नेत, सोबत घोड्याच्या मरणाचं गाणं सगळे मिळून म्हणत. उतारू असलेल्या जहाजावर कधी त्याचा लिलावही पुकारत. शेवटी दोरीने त्याला डोलकाठीच्या आडव्या वाशापर्यंत चढवत, तिथे बसलेला खलाशी सुरीने दोर कापी आणि घोडा समुद्रात पडे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजांवर हा प्रकार नेहमीचा होता. त्या दिवसापासून केलेल्या कामाचा पैसा त्यांचा स्वतःचा असे. ज्याने आयुष्यात कधी आगाऊ उचल घेतली आहे आणि ती फेडली आहे, त्याला त्या गाण्यातला आनंद वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर ती फेडत राहतात. त्यांच्यापुढे हा पेंढ्याचा घोडा ठेवला तर त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

चाबूक आला तो पार्लमेंटच्या राजकारणातून. जॉन ब्राइट हा तिथला नावाजलेला वक्ता आणि बर्मिंगहॅमचा खासदार. मताचा हक्क जास्त लोकांना मिळावा म्हणून १८५८-५९ च्या हिवाळ्यात त्याने सभांचा धडाका लावला. लोकांमध्ये म्हणावी तशी जाग येईना. तेव्हा, हे म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखं आहे असं म्हणून त्याने नाद सोडला, अशी वदंता १८५९ मध्ये एका वर्तमानपत्राने छापली. या वाक्प्रचाराच्या अगदी जुन्या छापील नोंदींपैकी ही एक. पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८६७ मध्ये मताधिकार वाढवणारा कायदा खरोखर मंजूर झाला आणि इंग्लंड-वेल्समधले मतदार दहा लाखांवरून जवळपास वीस लाखांवर गेले. घोडा मेला नव्हता. म्हणून मीटिंगमध्ये कोणी ‘लेट्स नॉट फ्लॉग अ डेड हॉर्स’ म्हणालं, तर ते त्या माणसाचं मत आहे हे लक्षात ठेवावं. घोडा मेल्याचा दाखला त्याच्याकडे असतोच असं नाही.

मराठीत याला काय म्हणायचं? ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ बरंच जवळ जातं, पण कढीला ऊत येतो तरी. चार घटका ती खदखदते, माणसं तेवढ्यापुरती तापतात. इंग्रजी घोड्याची कातडीही हलत नाही. ‘मढी उकरणे’ यात तर दुष्टावा आहे, जुनी भांडणं मुद्दाम काढण्याचा. मी अनुवाद करताना भांडण असेल तिथे मढी घेते, जुन्या वादाची उजळणी असेल तिथे कढी घेते, आणि नुसती शक्ती वाया जात असेल तर ‘त्यात आता जीव उरलेला नाही’ असं सरळ लिहून मोकळी होते.

‘वाइल्ड गूज चेस’ची कथा याहून आडवळणाची आहे. आजचा अर्थ, हाती लागणं शक्य नाही अशा गोष्टीमागे धावणं. कुणीतरी चुकीचा पत्ता देतं आणि आपण दिवसभर गल्ल्या पालथ्या घालतो, ती वाइल्ड गूज चेस. रानहंस पकडायला धावणाऱ्या माणसाचं चित्र त्यात सहज दिसतं, आणि ते चुकीचंही वाटत नाही. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला पट्टकादंब उतरतात. हे हिमालय ओलांडून येणारे रानहंसच. नावाडी होडी कितीही हळू वल्हवो, अंतर थोडं कमी झालं की आधी एक मान वर होते, मग दहा, मग शंभर, आणि एका हाकेसरशी अख्खा थवा उठतो. मी हे पाहिलं आहे. माना वर झाल्या की नावाडी वल्हं थांबवतो, कारण पुढे जाण्यात अर्थ नसतो हे त्याला माहीत असतं.

पण हा वाक्प्रचार पक्ष्याच्या शिकारीतून आलेला नाही. ती घोड्यांची शर्यत होती. सोळाव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये ती खेळत, आणि गर्व्हेज मार्कम या घोड्यांच्या जाणकाराने १५९३ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं आहे. पहिले २४० यार्ड सगळे सरळ पळत. तिथपर्यंत ज्याचा घोडा पुढे, तो नायक. मग त्याने हवं तिकडे घोडा घालायचा, शेतात, चढावर, खड्ड्याखाचरांतून, आणि मागच्यांनी ठरलेलं अंतर राखून त्याच्या मागोमाग यायचं. मागे पडलं तर बरोबर दौडणारे पंच चाबकाने हाकत. पुढच्याने पुरेसं अंतर तोडलं की तो जिंकला. आकाशात एक हंस पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे ठराविक अंतरावर रांग धरून जातात, तशी ही दौड दिसे, म्हणून तिचं नाव रानहंसांची दौड.

म्हणजे मुळात यात कोणी हंसामागे धावत नव्हतं. घोडेस्वारच हंस झाले होते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये दुसऱ्या अंकात रोमिओ आणि मर्क्युशिओ यांची शाब्दिक चकमक रंगते. तू असाच रानहंसांच्या दौडीसारखा पळणार असशील तर आपलं संपलं, अशा अर्थाचं मर्क्युशिओ म्हणतो. तू वाटेल तिकडे वळणार आणि मला मागे यावं लागणार, ही त्याची तक्रार आहे. व्यर्थ शोधाचा तिथे संबंध नाही. पुढे ती शर्यत बंद पडली, लोक तिला विसरले, नाव तेवढं राहिलं. नाव ऐकून लोकांनी नवं चित्र रंगवलं, न सापडणाऱ्या पक्ष्यामागे पळणाऱ्या माणसाचं. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश आला, तोवर हाच अर्थ पक्का झाला होता आणि त्याने तोच नोंदवला.

मूळ संदर्भ निसटला की अर्थ कसा वळतो, याचं आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ भाषणात हमखास येते. जिद्द धरा, वाळूतूनही तेल निघेल, अशा अर्थाने. वामनपंडितांनी भर्तृहरीचा श्लोक मराठीत आणला, त्याची ही पहिली ओळ. पुढच्या ओळींत मृगजळाचं पाणी प्यायला मिळेल, रानात फिरताना सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असं आहे. वाळूचं तेल तिथे अशक्य गोष्टीचा नमुना म्हणून आलं आहे. पहिली ओळ सुटी झाली आणि तिला पार उलटा अर्थ चिकटला. मृगजळामागे धावणं हे ‘वाइल्ड गूज चेस’च्या जवळचं, फरक एवढाच की हंस खरा असतो, हाती लागत नाही, आणि मृगजळ मुळात नसतंच. ज्या कामात शोधायची वस्तू अस्तित्वात आहे तिथे मी मृगजळ वापरत नाही.

‘बार्किंग अप द राँग ट्री’ पूर्ण अमेरिकन आहे, १८३० च्या सुमाराचं. तिथल्या जंगलांत रात्री रॅकूनची शिकार चाले. रॅकून मांजराहून मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर कडी असलेला. दिवसा झोपतो, रात्री हिंडतो. शिकारी कुत्री माग काढत अंधारात पुढे निघून जात, रॅकून झाडावर चढे, आणि कुत्रा बुंध्यावर पुढचे दोन पाय टेकवून वर बघत भुंकत राही. शिकारी कंदील घेऊन त्या आवाजाच्या रोखाने येत. त्यासाठी पैदास केलेल्या कुत्र्यांच्या जाती आजही तिथे आहेत. पण कधी रॅकून फांदीवरून शेजारच्या झाडावर सटके आणि कुत्रा मात्र पहिल्याच झाडाखाली जीव तोडून भुंकत असे.

मला हा वाक्प्रचार या सगळ्यांत मायाळू वाटतो. कुत्र्याने काही हयगय केलेली नाही. माग खरा होता, मेहनत खरी, रॅकूनही खरा, झाड तेवढं चुकलं. म्हणून सहकाऱ्याला ‘यू आर बार्किंग अप द राँग ट्री’ म्हटलं तर त्याचा अपमान होत नाही. याचं भाषांतर ‘व्यर्थ प्रयत्न’ केलं की ही माया जाते. ‘तू भलतीकडेच शोधतोयस’ हे साधं वाक्य इथे चपखल बसतं.

घोडा आणि पाणी ही जोडी फार जुनी. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, प्यायला लावता येत नाही, हा विचार साधारण ११७५ च्या एका इंग्रजी प्रवचनात आहे. तो हेवूडच्या संग्रहातही आहे. घोडे पाळणाऱ्यांना यात उपमा शोधावी लागत नाही. परगावच्या पाण्याची चव वेगळी लागली तर तहानलेला घोडाही तोंड फिरवतो. इथे मेहनत करणाऱ्याची चूक नाही, पाणीही चांगलं आहे, समोरच्याची इच्छा नाही एवढंच. ‘म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत’ हे असंच शेतावरून आलेलं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिट्झहर्बर्ट या लेखकाने शेतीवरच्या पुस्तकात मेंढपाळांना सांगितलं की कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवा, म्हातारा कुत्रा वाकवणं कठीण. वाकवणं म्हणजे नाक जमिनीला लावून माग काढायला शिकवणं. तिथे तो धंद्यातला सल्ला होता. आज तो साठी उलटलेल्या माणसांना मोबाइल शिकवताना ऐकवतात, आणि मला ते आवडत नाही, कारण माणसं शिकतात.

बोकडाचं दूध काढण्याची उपमा ग्रीक-लॅटिन काळापासून आहे. दुसऱ्या शतकातल्या लुशियन या ग्रीक लेखकाने वाद घालणाऱ्या दोघांबद्दल लिहिलं की एक जण बोकडाची धार काढतोय आणि दुसरा खाली चाळणी धरून बसलाय. एक मूर्ख प्रश्न विचारतो, दुसरा त्याला उत्तर देतो, असा तो रोख. सॅम्युएल जॉन्सन १७६३ मध्ये संशयवादी तत्त्वज्ञांबद्दल म्हणाला होता, सत्य ही गाय आहे, ती या लोकांना आता दूध देत नाही, म्हणून ते बैलाची धार काढायला गेले. संस्कृतात ‘अजागलस्तन’ आहे, शेळीच्या गळ्याला लोंबणारे दोन मांसल गोंडे, दिसायला आचळासारखे, दूध नाही. मांजरांचा कळप हाकणं, ‘हर्डिंग कॅट्स’, हे मात्र अगदी अलीकडचं, विसाव्या शतकाच्या अखेरीचं, कचेऱ्यांमधलं. जानेवारी २००० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मांजरं हाकणाऱ्या गुराख्यांची जाहिरात दाखवली गेली आणि ते घरोघरी पोचलं.

आता डुक्कर. ‘कास्टिंग पर्ल्स बिफोर स्वाइन’, म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं, हे बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातून आलं, सातव्या अध्यायातून, आणि इंग्रजीत ते रुळलं ते विल्यम टिंडेलच्या १५२६ च्या भाषांतरामुळे. मराठीतही हे मोती बायबलबरोबरच आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला केलेलं संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ वचनात एक भाग आहे जो वाक्प्रचारात गळून गेला. डुकरं ते मोती पायांखाली तुडवतील आणि उलटून तुम्हालाच फाडतील. नुसते कष्ट वाया जाणार नाहीत, धोकाही आहे, असा इशारा होता. आपलं ‘गाढवापुढे वाचली गीता’ याच घरातलं, पण आपल्या म्हणीला उत्तरार्ध आहे: ‘कालचा गोंधळ बरा होता’. इंग्रजी डुक्कर गप्प आहे. मराठी गाढवाला मत आहे, त्याने काल रात्री संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ ऐकलाय आणि त्याला तो जास्त आवडलाय. ऐकणाऱ्याला बोलू देणारी अशी म्हण मला इंग्रजीत सापडलेली नाही.

दुसरं डुक्कर, ‘डुकरिणीच्या कानापासून रेशमी बटवा होत नाही’. स्टीफन गॉसन या इंग्रज लेखकाने १५७९ मध्ये हे लिहिलं. इथे कारागीर चांगला, इच्छाही आहे, मालच नाही. जवळजवळ साडेतीनशे वर्षं हे अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून लोक देत राहिले. १९२१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाच्या कंपनीने ते करून बघायचं ठरवलं. शिकागोच्या एका मांस-कारखान्याकडून त्यांनी डुकरिणींच्या कानांपासून काढलेलं सरस मागवलं. ते विरघळवून गाळलं, बारीक छिद्रांतून दाबून त्याचे तंतू काढले, ते घट्ट केले, मऊ केले, रंगवले आणि हातमागावर विणले. त्या कापडाचा, जुन्या काळी घरंदाज बायका जवळ बाळगत तशा घाटाचा छोटा बटवा शिवला. धागा काही फार मजबूत नव्हता आणि त्याचा धंदा करायचाही विचार नव्हता. तो बटवा आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.